बॅफलचं मटेरियल बदललं तरी तीच घूं परत का येते?

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच वळणाने जाते. हौसेने घरी ओपन बॅफल स्पीकर बनवला, म्हणजे खोकं नाही, नुसत्या एका फळीत (बॅफलमध्ये) ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा गोल भाग, बसवलेला. पहिला प्लायवूडचा. खर्जातल्या एका ठरावीक स्वरावर फळी घूं करते. म्हणून प्लाय काढून जाड एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) लावला. घूं जरा सरकली, गेली मात्र नाही. मग कुणीतरी सांगितलं की वजन हवं, म्हणून ग्रॅनाइटचा तुकडा आणला. आता घूं नाही, पण आवाजाला कुठेतरी एक टण्ण अशी कड आली आहे आणि अर्ध्या तासात ती कानाला टोचायला लागते. चौथ्या खेपेला ॲक्रिलिक. पाचव्या खेपेला माणूस चांगला ड्रायव्हर काढून विकायला निघतो.

मी स्वतः या रस्त्याने गेलो आहे. १८ मिमी प्लायवर माझी घूं २२० हर्ट्झच्या आसपास होती, २५ मिमी एमडीएफवर १९० ला आणि २० मिमी ग्रॅनाइटवर ३०० च्या जवळ. प्लायपेक्षा जाड एमडीएफ लावला तर घूं खाली आली, याचा तेव्हा काही उलगडाच होईना. आज कारण कळतं आणि ते कळलं की निम्मं काम सोपं होतं.

वेगळ्या मटेरियलला माझा विरोध नाही. दगड, काच, बांबूची फळी, काँक्रीट, थरावर थर चिकटवलेला पुठ्ठा, रेती, या सगळ्यांपासून उत्तम बॅफल होतात. पण मटेरियल हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, आवाज नक्की कोण करतंय? दुसरा, थरथर फळीपर्यंत पोचते कुठून? हे दोन सोडून थेट तिसऱ्याला हात घातला की घूं दर वेळी नवा पत्ता शोधते.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही ॲप चालेल. आवाज मध्यम ठेवा आणि ४० हर्ट्झपासून १००० हर्ट्झपर्यंत अगदी सावकाश सरकत जा. जिथे घूं उठते तो आकडा लिहून ठेवा. मग तोच सूर चालू ठेवून उठा आणि खोलीत फिरा. दोन पावलांवर आवाज फुगतो आणि पुढच्या दोन पावलांवर मावळतो असं होत असेल तर ती खोलीची घूं आहे. स्पीकर दुसऱ्या खोलीत किंवा मोकळ्यावर नेऊन तीच चाचणी घ्या. आकडा बदलला किंवा घूं नाहीशी झाली तर फळीला हातसुद्धा लावू नका.

घूं सगळीकडे सारखीच ऐकू येत असेल तर दोन्ही तळवे फळीवर सपाट दाबून धरा. आवाज बदलला तर फळी दोषी. हाताची चाचणी साधी आहे, पण तिच्याइतकी खात्रीची दुसरी चाचणी माझ्या माहितीत नाही. पुढे बोटांची टोकं हलकेच फळीवरून फिरवत न्या. काही ठिकाणी मुंग्या आल्यासारखी थरथर लागेल, काही ठिकाणी फळी निपचित असेल. या जागा खडूने खुणा करून ठेवा, पुढे त्यांचा उपयोग आहे.

खर्र, चर्र किंवा किणकिण असा आवाज असेल तर तो बहुधा फळीचा नसतो. सैल स्क्रू, फ्रेमला टेकलेली वायर, मागे लोंबणारं टर्मिनल किंवा ड्रायव्हरच्या मधोमध असलेल्या टोपीची (डस्ट कॅपची) सुटलेली कड, यांपैकी काहीतरी सापडतं. ते आधी मिटवा.

चौथा संशयित सगळ्यात जास्त वेळा सुटून जातो, तो म्हणजे बॅफलचं माप. ओपन बॅफलमध्ये ड्रायव्हरच्या पुढची आणि मागची लहर एकमेकींच्या उलट असतात आणि फळीच्या कडेला वळसा घालून भेटतात. ४० सेमी रुंद फळीच्या मध्यावर ड्रायव्हर असेल तर कडेपर्यंतचं अंतर साधारण २० सेमी. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ८६० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींना जोर देतात आणि १७०० च्या आसपास समोरच्या दिशेला एकमेकींना खातात. २८५ हर्ट्झच्या खाली दर सप्तकाला ६ डेसिबलने आवाज घटत जातो. म्हणजे ७० हर्ट्झला पोचेपर्यंत जवळजवळ १२ डेसिबल गेलेले असतात. «दगड लावला तरी बास पातळच» या तक्रारीचं उत्तर इथे आहे. दगड लावा, लोखंड लावा, ही घट तशीच राहील. ती भरून काढायची तर फळी रुंद करा, कडा मागे दुमडून पंख द्या किंवा इक्वलायझर वापरा.

८६० हर्ट्झच्या त्या फुगवट्यालाच बरेच जण «फळी वाजते» म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. तळवे दाबून तो बदलत नाही. पण फळीच्या एका बाजूला पुठ्ठ्याची पट्टी चिकटपट्टीने लावून रुंदी १० सेमीने वाढवली की लगेच सरकतो. म्हणूनच गोल बॅफलच्या बरोबर मध्यात ड्रायव्हर बसवणं ही सगळ्यात वाईट जागा. सगळ्या कडा सारख्याच अंतरावर, त्यामुळे सगळी भर आणि सगळी तूट एकाच आकड्यावर येते. ड्रायव्हर मध्यापासून बाजूला सरकवा, चारही कडांची अंतरं वेगवेगळी ठेवा.

मिठाची चाचणी

फळीच दोषी ठरली तर हे एकदा जरूर करून बघा. फळी ड्रायव्हरसकट आडवी करा आणि मऊ फोमच्या चार तुकड्यांवर ठेवा. ड्रायव्हरवर पातळ कापड ताणून बांधा, एकही कण कोनच्या (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या शंकूच्या) फटीत जाता कामा नये. फळीवर कोरडं बारीक मीठ भुरभुरा आणि घूंचा जो आकडा लिहिला होता तो सूर सुरू करा. हळूहळू आवाज वाढवा. मीठ नाचायला लागेल आणि जिथे फळी हलत नाही त्या रेषांवर जाऊन बसेल. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाद्नी यांनी १७८७ साली धातूच्या पत्र्यांवर रेती टाकून आणि कडेवर व्हायोलिनचा गज ओढून ज्या आकृत्या दाखवल्या, त्या याच.

माझ्या ग्रॅनाइटवर ३०० हर्ट्झला मिठाच्या तीन आडव्या रेषा उमटल्या: एक वर, एक खाली आणि एक बरोबर मधोमध. ड्रायव्हर होता वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे वरची आणि मधली रेषा यांच्यामध्ये, जिथे फळी सगळ्यात जास्त उसळते तिथे. लांब पट्टी जेव्हा दुसऱ्या प्रकाराने वाकते तेव्हा तिचा मध्य स्थिर राहतो. मी ड्रायव्हरचं भोक मधल्या रेषेजवळ पाडलं असतं तर तो सूर निम्म्याहूनही कमी उठला असता. दगडाला एकदा भोक पाडलं की ते हलवता येत नाही. म्हणून नवीन मटेरियल कापण्याआधी त्याच मापाच्या स्वस्त फळीवर ही चाचणी घ्या. वेगळ्या मटेरियलमध्ये आकडे बदलतात, पण मिठाच्या रेषा बऱ्याच अंशी त्याच जागी पडतात.

मटेरियलला विचारायचे तीन प्रश्न

किती ताठ? किती जड? आणि ठोकल्यावर किती लवकर गप्प होतं? पहिले दोन सगळे विचारतात, तिसरा कुणीच नाही.

फळीचा सूर ताठपणा आणि घनता यांच्या गुणोत्तरावर ठरतो, नुसत्या वजनावर नाही. माझा एमडीएफ प्लायच्या खाली गेला तो यामुळे. बर्च प्लायची लांबीच्या दिशेची ताठरता एमडीएफच्या दुप्पट-अडीचपट असते आणि घनता उलट थोडी कमी. ७ मिमी जास्त जाडी ही तफावत भरून काढू शकली नाही. दुसरी एक गोष्ट बऱ्याच जणांना खरी वाटत नाही. काच, ॲल्युमिनियम आणि पोलाद यांची एकाच मापाची, एकाच जाडीची पाटी घेतली तर तिघांचा सूर जवळजवळ सारखाच असतो. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड आहे, पण तितकंच ताठही आहे. ग्रॅनाइटचा सूर त्याच मापाच्या एमडीएफच्या साधारण दुप्पट, ॲक्रिलिकचा साधारण पाऊणपट.

जाडी दुप्पट केली की सूर दुप्पट वर जातो. आधार नसलेली लांबी निम्मी केली की चौपट. म्हणजे मागे एक आडवी पट्टी घट्ट चिकटवणं हे आख्खी फळी जाड करण्यापेक्षा जास्त फायद्याचं. आणि ताठपणा न वाढवता नुसतं वजन चिकटवलं, समजा मागे शिशाचा पत्रा, तर सूर आणखी खाली येतो, बरोबर बास गिटारच्या आणि पुरुषी आवाजाच्या हद्दीत.

आता तिसरा प्रश्न. ठोकल्यावर आवाज ६० डेसिबलने विरायला लागणारा वेळ काढायचा तर २.२ ला फ्रिक्वेन्सी आणि लॉस फॅक्टर (मटेरियल थरथर किती जिरवतं त्याचा आकडा) यांच्या गुणाकाराने भागायचं. काच किंवा धातूचा लॉस फॅक्टर ०.००१ च्या घरात असतो. २५० हर्ट्झला ती पाटी मोकळी टांगली तर जवळजवळ ९ सेकंद वाजत राहील. लाकूड ०.०१ च्या आसपास, म्हणजे सेकंदभराच्या आत गप्प. दोन थरांमध्ये मऊ गोंद असलेली नीट बनवलेली फळी ०.१ पर्यंत जाते, म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा नाही. जाड-पातळ, जड-हलकं यातला फरक दुप्पट-चौपटीत मोजतात, इथे शंभरपटीचा फरक आहे. म्हणून माझं ठाम मत आहे की गप्प होणारी पातळ फळी ही वाजत राहणाऱ्या जाड फळीपेक्षा केव्हाही बरी. बीबीसीच्या संशोधन विभागात हॅरवुड आणि मॅथ्यूज यांनी स्पीकरच्या खोक्यांवर काम केलं, त्याचा अहवाल १९७७ साली निघाला. त्यांचाही कल पातळ बर्च प्लाय आणि त्यावर डॅम्पिंगचा, म्हणजे थरथर जिरवणारा, थर याच बाजूला होता.

तुकडा घेण्याआधी तो असा तपासा. टेबलावर ठेवून ठोकू नका, टेबल सगळं गिळून टाकतं. पाटीच्या एका टोकापासून लांबीच्या २२ टक्क्यांवर दोन बोटांनी हलकेच धरून ती उभी लोंबू द्या आणि मध्यावर बोटाच्या पेराने ठोका. २२ टक्क्यांच्या त्या जागी धरलं की पहिला सूर दाबला जात नाही. टण्ण होऊन आवाज रेंगाळला तर समजा की डॅम्पिंगचं काम बाकी आहे. ठप्प झालं तर तुकडा चांगला. जड दगड असा हातात धरणं धोक्याचं, त्याला त्याच जागी दोरीचा फास देऊन टांगा.

कुठलं मटेरियल कुठे दगा देतं

पोकळ फ्लश डोअर. जुना दरवाजा फुकट मिळतो, रुंद असतो, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. आत कागदाची जाळी आणि दोन्ही बाजूंना जेमतेम ३ मिमीचे पत्रे. जिथे जाळीचा गोंद सुटलेला असतो तिथे तो सरळ ढोलकीसारखा वाजतो आणि स्क्रूला धरायला आत काहीच नसतं. भोकाभोवती आत प्लायची कडी चिकटवून मी एक वाचवला होता, पण पुन्हा करणार नाही. भरीव दरवाजा मिळाला तर मात्र आनंदाने घ्या.

काच. डोळ्यांना याहून सुंदर बॅफल नाही. पण टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती चुरा होते. भोक, स्क्रूच्या जागा, कडा घासणं हे सगळं टफनिंगच्या आधी करून घ्यावं लागतं. एकेरी काच घेऊच नका. मध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच घ्या, तो थर थरथर खातो. साध्या आणि लॅमिनेटेड तुकड्यावर एकदा पेराने ठोकून बघा, फरक लगेच कळतो.

ॲक्रिलिक काचेपेक्षा बरंच लवकर गप्प होतं, पण ताठ नाही. २० मिमीच्या खाली जाऊ नका. याचा हमखास दोष म्हणजे स्क्रूपासून निघणारे केसासारखे तडे. काउंटरसंक स्क्रूचं डोकं पाचरीसारखं भोक फाकवतं, म्हणून सपाट डोक्याचा बोल्ट, रुंद वॉशर आणि बोल्टपेक्षा १ मिमी मोठं भोक ठेवा. थिनर किंवा स्पिरिटने पुसू नका. ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकवर त्याने बारीक जाळं उमटतं. साबणाचं पाणी पुरे.

ग्रॅनाइट, पाटीचा दगड, काँक्रीट. या तिघांत एक दोष सारखाच आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. २० ते ४० मिमी जाड दगडाला सरळ भोक पाडलं की ड्रायव्हरच्या मागे बोगदा तयार होतो. मागची लहर त्या बोगद्यात कोंडते आणि माणसाच्या आवाजाला नाकातून बोलल्यासारखी छटा येते. लोक म्हणतात, दगड गार वाजतो. दगड नाही, भोक वाजतं. मागच्या बाजूने भोकाची कड ४५ अंशात उतरती करा, फक्त स्क्रूंच्या जागी पूर्ण जाडी ठेवा. काँक्रीटमध्ये हे साच्यातच करता येतं, भोकाच्या जागी नळकांड्याऐवजी कापलेल्या शंकूचा आकार ठेवायचा. दगडात ग्राइंडरने करावं लागतं. ओल्याने कापा आणि धुळीचा चांगला मास्क लावा. ग्रॅनाइट आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. या बाबतीत घाई करू नका.

धातूचा पत्रा. एकेरी पत्रा म्हणजे घंटा. डॅम्पिंगशिवाय विचारच करू नका. शिवाय ड्रायव्हरची टर्मिनल्स भोकाच्या कडेला टेकली तर ॲम्प्लिफायर शॉर्ट होतो. टर्मिनल ज्या बाजूला आहेत तिथे भोकाला खाच द्या किंवा कडेला रबराची पट्टी चढवा.

अखंड लाकडाची रुंद फळी हवेतल्या ओलाव्याबरोबर वाकते. वर्षातून एकदा बास अचानक सैल वाटायला लागला तर गॅस्केटजवळ (ड्रायव्हरच्या फ्रेमखालच्या मऊ कडीजवळ) बोट फिरवून बघा, फट पडलेली असते. बांबूच्या लॅमिनेटेड फळीला हा त्रास बराच कमी, ती ताठही चांगली. माझ्या आवडीच्या मटेरियलमध्ये ती वरच्या क्रमांकावर आहे.

पुठ्ठ्याला कमी लेखू नका. नालीदार पुठ्ठ्याचे सात-आठ थर एकाआड एक दिशा बदलून चिकटवले की हलकी, ताठ आणि पटकन गप्प होणारी फळी तयार होते. लहान फुल-रेंज ड्रायव्हरसाठी (जो खर्जापासून टिपेपर्यंत एकटाच वाजवतो) उत्तम. कडा सील करा, नाहीतर ओलावा शिरतो. बुच मात्र एकटं वापरू नका, ते डॅम्पिंगचा मधला थर म्हणून चांगलं, आधार म्हणून नाही.

रेतीचा बॅफल

यावर जरा जास्त लिहितो, कारण इतक्या साध्या सामानातून इतकी शांत फळी मला दुसऱ्या कशातूनच मिळालेली नाही. इंग्लंडच्या व्हार्फडेल कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५० च्या दशकात रेती भरलेले बॅफल विकायलाही आणले होते. कल्पना अशी: ६ मिमी प्लायचे दोन पत्रे, मध्ये २० मिमीची पोकळी, चारही बाजूंनी लाकडी चौकट आणि आत कोरडी रेती. फळी थरथरायला गेली की कण एकमेकांवर घासतात आणि थरथर तिथेच उष्णतेत जिरते.

परत परत होणाऱ्या चुका तीन. पहिली, रेती ओलसर राहते. मग प्लाय फुगतो आणि रेतीचा गठ्ठा होतो. धुऊन, चाळून, गरम करून पूर्ण वाळवा. मुठीत दाबून सोडली तर एक कणही हाताला चिकटता कामा नये. दुसरी, पत्रे पोट काढतात. १ मीटर उंच, ४० सेमी रुंद फळीत १२-१३ किलो रेती बसते आणि खालच्या भागावर तिचा दाब येतो. दर १५ सेमीवर मध्ये लाकडी ठोकळा द्या. तिसरी, रेती काही दिवसांत खाली बसते, वर रिकामी फट राहते आणि नेमका वरचा भाग परत वाजायला लागतो. त्यामुळे «महिनाभर छान होतं, मग घूं परत आली» अशी तक्रार ऐकली की मी आधी वरची पट्टी उघडायला सांगतो. ती पट्टी चिकटवू नका, स्क्रूने बसवा.

दोन थरांची फळी का फसते

९ मिमी प्लायच्या दोन फळ्या आणि मध्ये कधीही पूर्ण कडक न होणारा गोंद, ही सगळ्यात व्यवहार्य रचना. फळी वाकते तेव्हा दोन्ही थर एकमेकांवर किंचित सरकतात, मधला थर ताणला जातो आणि थरथर खातो. फसण्याची कारणं ठरलेली आहेत. सुताराचा पांढरा गोंद वापरला, तो कडक होतो, दोन्ही फळ्या मिळून एकच १८ मिमी फळी होते. किंवा गोंद बरोबर निवडला, पण वाळेपर्यंत धरून ठेवायला दोन्ही थरांतून वीस स्क्रू मारले आणि तसेच ठेवले. त्या प्रत्येक स्क्रूने थरांचं सरकणं थांबवलं. वाळल्यावर स्क्रू काढा. ड्रायव्हरचे स्क्रूसुद्धा फक्त पुढच्या थरात संपतील असे घ्या, मागच्या थरातलं भोक मोठं ठेवा.

डांबरी चादर किंवा ब्यूटाइलची पट्टी मागे चिकटवायची असेल तर ती फळीच्या मानाने जड असावी लागते. २५ मिमी एमडीएफवर २ मिमीची चादर म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी. तीच ६ मिमी प्लायवर लावा, हाताला लगेच फरक जाणवेल. आणि ती सगळीकडे लावायची गरज नाही. खडूने खुणा केलेल्या उसळत्या जागांवरच लावा.

थरथर येते कुठून

बंद खोक्यात भिंतींना आतल्या हवेचा दाब हलवतो. ओपन बॅफलमध्ये कोंडलेली हवा नसते. फळीला हलवते ती मुख्यतः ड्रायव्हरची फ्रेम. कोन पुढे जातो तेव्हा फ्रेम मागे ढकलली जाते. कोनचं हलतं वजन २० ग्रॅम आणि बॅफल १० किलोचा, तर बॅफलची हालचाल कोनच्या पाचशेव्या हिश्श्याएवढी, म्हणजे ५४ डेसिबल खाली. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण फळीचं क्षेत्रफळ कोनच्या वीसपट असेल तर त्यातले २६ डेसिबल परत येतात. वर फळीचा स्वतःचा सूर लागला की तो आणखी चढतो. म्हणून घूं ऐकू येते.

तेव्हा फ्रेम आणि फळी यांची घट्ट गाठ सोडवा. फ्रेमखाली ३ ते ५ मिमीची मऊ क्लोज्ड-सेल फोमची कडी, स्क्रूभोवती रबरी बुशिंग, डोक्याखाली रबरी वॉशर. स्क्रू पिळून आवळू नका. फोम चपटा झाला की गाठ परत पडली. वजनाने फोम १ मिमी दबला तर ड्रायव्हर आणि फोम मिळून साधारण १६ हर्ट्झला डोलतात, ०.१ मिमी दबला तर ५० ला. रबरात प्रत्यक्ष आकडा थोडा वर जातो. त्या आकड्याच्या दीडपटीच्या वर थरथर फळीपर्यंत कमी कमी पोचते. आपली घूं १९० ते ३०० मध्ये असेल तर इतकं भरपूर आहे.

त्याहून पक्का उपाय म्हणजे ड्रायव्हर फ्रेमने नव्हे तर मॅग्नेटने धरायचा. बॅफलच्या मागे स्वतंत्र पायावर एक खांब, त्यावर लाकडी खोबण, त्यात मॅग्नेट पट्ट्याने आवळलेला. फ्रेम फळीच्या भोकात बसते पण कुठेही टेकत नाही, २-३ मिमीची फट सगळीकडून मऊ फोमने बुजवायची. फट उघडी राहिली तर बास गळतो आणि फुस्स असा आवाज येतो, त्यामुळे फोम नीट बसवण्यात वेळ घालवा. हे केलं की फळी कशाची आहे याचा आवाजावर फारच थोडा परिणाम उरतो. काच लावा, पुठ्ठा लावा, डोळ्यांना आवडेल ते लावा.

माझ्या ग्रॅनाइटचं शेवटी हेच केलं. भोकाची मागची कड उतरती केली, ड्रायव्हर खांबावर नेला, दगडाच्या पाठीला ९ मिमी प्लाय लवचीक पॉलियुरेथेन गोंदाने चिकटवला. त्यानंतर ३०० हर्ट्झचा सूर लावून तळवा ठेवला तर दगड मुका होता. स्टेथोस्कोप लावून सूर तोडल्यावर शेपूट ऐकू येते, पण जेमतेम. पट्टा सहा आठवड्यांनी थोडा सैल झाला होता आणि फोम एका बाजूला दबून फ्रेम दगडाला टेकायच्या बेतात होती. पट्टा परत आवळला, फोमची ती बाजू बदलली. आता दर दोन महिन्यांनी फटीत कागदाची पट्टी सरकवून गोल फिरवतो. जिथे कागद अडतो तिथे फ्रेम टेकली आहे.